लांजेवारजी मागे चालायला शिकतात

आमच्या वरच्या मजल्यावरचे लांजेवारजी रोज सकाळी साडेसहा वाजता गॅसच्या रिकाम्या सिलिंडरबरोबर नाचत. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. डावा हात सिलिंडरच्या कड्यावर, उजवा त्याच्या पोटाला, चेहरा गंभीर आणि पायांत पॉलिश केलेले बूट. सिलिंडर तिरपं करून बुडाच्या कडेवर फिरवलं की घर्र आवाज होतो आणि सरळ उभं केलं की ठक. आम्ही बरोबर त्यांच्या खाली राहतो. घर्र, घर्र, ठक. घर्र, घर्र, ठक. डब्याच्या पोळ्या मी त्याच तालावर लाटायला लागले आहे हे लक्षात आलं, तेव्हा मी वर गेले.

आधीचे चार दिवस मी गप्प होते, कारण मला वाटलं गॅस बदलत असतील. पण एकट्या माणसाचा गॅस रोज संपत नाही.

दार उघडंच होतं. मोबाइलवर कुठलं तरी परदेशी गाणं चालू होतं.

"या सुनंदाबाई, बसा. हे गाणं होऊ द्या, मग बोलू."

मी बसले. गाणं झालं. त्यांनी सिलिंडर भिंतीला टेकवलं, एक पाऊल मागे सरकले, त्याच्यापुढे मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "थँक यू."

"सिलिंडरला?"

"तिकडं तशी सिस्टीम आहे. गाणं झालं का थँक यू म्हणाचं. सवय लागली पाहाजे न."

"पण सिलिंडरच का?"

"खुर्ची घेऊन पाहिली. खुर्ची वळत नाही. झाडू हलका पडते. हे कलवलं का वळते, ओढलं का अडते. बाईमाणसासारखं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्याबद्दल नाही बोलून राहिलो," ते म्हणाले.

आमचं नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजारात बारदान्याचं दुकान आहे. रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची, धान्यवाल्यांना विकायची. दुसऱ्या दिवशी मी तिथून चार जुनी पोती आणली आणि त्यांच्या हॉलमध्ये दुहेरी करून अंथरली. आवाज पुष्कळ कमी झाला. भांडणापेक्षा पोती बरी पडतात.

लांजेवारजींनी कोराडीच्या वीज केंद्रात पस्तीस वर्षं काढली, ती सगळी कंट्रोल रूममध्ये. काट्यांकडे आणि दिव्यांकडे पाहत बसायचं आणि दर तासाला आकडे लिहायचे. काही घडलं नाही तर दिवस चांगला. अशा नोकरीमुळे माणसाचा स्वभाव बनतो. दूध उतू गेलं की ते "दूध ट्रिप झालं" म्हणतात. पंगतीत कुणी आग्रहाने जिलेबी वाढायला आलं, तर ताटावर हात धरून "लोड एकदम नका देऊ, हळूहळू चढवा" म्हणतात आणि सहा जिलेब्या खातात. कुठल्याही गोष्टीची त्यांना सिस्टीम कळावी लागते. सिस्टीम कळली की ते ती गोष्ट बिनतक्रार करतात. कळली नाही तर जागचे हलत नाहीत.

नाचाचीही त्यांनी वही ठेवली होती. ती त्यांनी मला कौतुकाने दाखवली. डावीकडे वेळ, मधे तपशील, उजवीकडे शेरा. "६.४०. आठ मात्रांचा राउंड, चार वेळा. नॉर्मल. ६.५५. उजवीकडे टर्न. डाव्या गुडघ्यात व्हायब्रेशन. ७.०५. बंद केले." खाली सही. नाचणारे तेच आणि सही करणारेही तेच, पण रकाना रिकामा ठेवायचा नाही.

हे सगळं कशासाठी, हे त्यांनी मला पोती अंथरली त्याच दिवशी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी सोनल रॉटरडॅमला राहते. तिने तिथे नेल्सन नावाच्या माणसाशी लग्न केलं. नेल्सनचे लोक केप वर्दचे, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात काही बेटं आहेत तिथले. लग्न झाल्यावर तिने फोन करून कळवलं. लांजेवारजी चार वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. बोलायच्या त्या काकू, लांजेवारजींच्या पत्नी. मग काकू गेल्या, आणि बोलायला घरात दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा फोन त्यांनी उचलला. पुढच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा तिकडे गेले.

तिकडे जावयाचा वाढदिवस होता. दोन खोल्यांचं घर आणि चाळीस माणसं. जेवणं झाली, टेबल भिंतीला लावलं आणि सगळे जोडीजोडीने नाचायला लागले. म्हातारे, पोरं, एक बाई तर कडेवर लेकरू घेऊन. आपल्याकडे वरातीत माणसं नाचतात, पण तिथे बँड असतो, रस्ता असतो आणि कोण कुणाकडे पाहतं हे कळत नाही. या खोलीत दोन हातांवर पाहणारा माणूस. लांजेवारजी सोफ्यावर बसून हे पाहत होते, तेवढ्यात त्यांच्या विहीणबाई, दोना इल्दा, त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी नमस्कार केला."

"मग?"

"त्याइनं पण नमस्कार केला. मग पुन्हा हात पुढं केला. मी पुन्हा नमस्कार केला. असं तीनदा झालं. आजूबाजूच्या लोकाइले वाटलं इंडियाचा डान्स आहे. दोघं-तिघं करून पाहून राहिले होते."

विहीणबाई हसून निघून गेल्या. मग सोनल आली. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, उठा न." लांजेवारजी म्हणाले, "पाय दुखून राहिले माझे." ती तशीच उभी राहिली. हात तसाच. अर्धं गाणं उभी राहिली आणि मग गेली.

"खरंच दुखत होते?"

"नाही."

त्या लोकांत रीत अशी की हात नाकारला तर रागवायचं नाही, भांडायचं नाही. फक्त त्या माणसाला पुन्हा विचारायचं नाही. त्याची इच्छा नाही असं धरून चालायचं. लांजेवारजी तिथे आणखी तीन महिने होते. दर रविवारी कुणाकडे तरी जेवण, जेवणानंतर नाच. सोनल सगळ्यांना विचारायची. शेजारणीलाही विचारायची. बापासमोरून जायची आणि पाणी पाहिजे का विचारायची.

"तिनं मले पुन्हा विचारलं पाहाजे," लांजेवारजी म्हणाले. "एवढंच काम आहे."

"तुम्हीच तिला विचारा की."

"आधी नाचता आलं पाहाजे न. न येता विचारलं आन् फसलो, तर मग कायमचंच."

यात तथ्य होतं. म्हणून मी सिलिंडरविषयी पुढे बोलले नाही.

सिलिंडरवरचा तो नाच त्यांनी जरीपटका भागातल्या एका क्लासमधून उचलला होता. तिथे रिया नावाची एक मुलगी लग्नाच्या संगीताचे नाच बसवते. मामा-मामी, आत्या, नवरीच्या मैत्रिणी, सगळ्यांना तीन आठवड्यांत तयार करते. तिच्याकडे अडुसष्ट वर्षांचा एकटा माणूस येऊन "जोडीचा विदेशी डान्स" मागू लागला, तेव्हा तिने आधी विचारलं, "लग्न कुणाचं आहे अंकल?" लांजेवारजी म्हणाले, "झालं." तिने दुसरा प्रश्न विचारला नाही आणि शिकवायला घेतलं. मुलगी चांगली आहे. पण तिची सगळी विद्या स्टेजची. आठ मोजायचे, वळायचं, आठव्याला समोर पाहून हसायचं, एक हात वर.

पुढच्या उन्हाळ्यात लांजेवारजी हे घेऊन रॉटरडॅमला गेले आणि दर आठव्या मात्रेला भिंतीकडे पाहून हसले.

हे घरात नव्हे, सुदैवाने. घराजवळ एक समाजभवन आहे. तिथे दर बुधवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांचा नाच असतो. आधी तिथे सराव करावा आणि मग घरी, असा त्यांचा बेत होता. तिथल्या योहाना नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईने त्यांना एक फेरी नाचू दिलं आणि मग थांबवून विचारलं, "तुम्ही कोणाकडे पाहून हसता?" तिने त्यांचा वर गेलेला हात धरून खाली आणला आणि दुसरा नाच शिकवायला सुरुवात केली.

तिकडच्या गोऱ्या म्हाताऱ्यांचा नाच लांजेवारजींना अतिशय पटला. त्याचं वर्णन करताना त्यांचा आवाज बदलतो. दोघांत हातभर अंतर. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आणि सगळ्या जोड्या हॉलमधून एकाच दिशेने गोल फिरणार, घड्याळाच्या उलट. मधून कुणी आडवं जायचं नाही, मागच्याने घाई करायची नाही.

"वन वे आहे, सुनंदाबाई. आपल्या सेंट्रल अव्हेन्यू रोडवर नाही अशी शिस्त आहे."

फक्त एक घोटाळा झाला. कंट्रोल रूममध्ये नियम असतो की पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत पॅनल सोडायचं नाही. घरी कितीही काम असो. पस्तीस वर्षांत हे हाडात जातं. तिथे गाणं संपलं की थँक यू म्हणून जो तो मोकळा होतो. लांजेवारजी मोकळे होत नव्हते. बाईला असं मधेच सोडून जाणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटे. दुसरा कुणी येऊन तिचा हात धरेपर्यंत ते तिथेच. एकदा कुणी आलंच नाही. चार गाणी झाली. योहानाबाई म्हणाल्या, मला बाथरूमला जायचं आहे. लांजेवारजी दारापर्यंत गेले आणि बाहेर उभे राहिले.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. म्हाताऱ्या बाईले लागतात. मग त्या आल्या, मी चार्ज घेतला."

त्यानंतर हॉलमधल्या बायकांत त्यांचं नाव झालं. दोन-तीन जणी त्यांची वाट पाहू लागल्या. हे त्यांनी मला खाली मान घालून सांगितलं.

तर तिकडे बुधवार चांगला चालला होता. मग ऑगस्टमधल्या एका रविवारी, नेल्सनच्या घरी, जेवण झाल्यावर, लांजेवारजी उठले. बूट घातलेलेच होते. सोनलसमोर जाऊन मान झुकवली आणि हात पुढे केला. सोनलने हात दिला.

केप वर्दच्या लोकांचा नाच असा की त्यात मोजायचं काही नसतं. दोघं अगदी जवळ उभी राहतात, जागच्या जागी हलतात, आणि एकाच्या मनात पुढे जायचं आलं की दुसऱ्याच्या अंगाला ते कळतं. लांजेवारजींनी मुलीला हातभर लांब धरलं आणि एक-दोन-तीन करत घड्याळाच्या उलट दिशेने फ्रिज, ओटा, सोफा, पुन्हा फ्रिज असं फिरवायला सुरुवात केली. दोन जोड्यांना धक्का लागला. दोना इल्दा सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या.

दुसऱ्या फेरीत सोनल थांबली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही नाचत नाही. तुम्ही मला चालवून राहिले." आणि हात सोडवून आतल्या खोलीत गेली.

सप्टेंबरात लांजेवारजी परत आले. मी सकाळी पोळ्या लाटत होते आणि वरून काही आवाज येत नव्हता. आठवडाभर आला नाही. आठ दिवसांनी ते स्वतः खाली आले. आमचे हे पेपर वाचत होते. लांजेवारजी खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, एक काम होतं. तुम्ही मले ढकलसान का?"

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला.

मग त्यांनी नीट सांगितलं. जोडीच्या नाचात एक जण नेणारा असतो आणि एक जण जाणारा. साधारणपणे पुरुष नेतो, बाई जाते. लांजेवारजींना आता जायचं शिकायचं होतं. म्हणजे मागे चालायचं, डोळ्यांनी रस्ता न पाहता, समोरचा नेईल तसं. सिलिंडर हे शिकवू शकत नाही. रियाला विचारलं तर ती म्हणाली, अंकल, वो तो लेडीज का पार्ट है, लोग हँसेंगे. म्हणून माझ्याकडे.

"मला नाचता येत नाही," मी म्हटलं.

"नाचाचं नाहीच. फक्त न्याचं. तुम्ही हमालाइले पोते कुठं ठेवाचे सांगता न, तसं."

डिसेंबरात सोनल, नेल्सन आणि त्यांची छोटी मुलगी नागपूरला येणार होती. लग्नानंतर सोनल पहिल्यांदाच येत होती. हाताशी अडीच महिने होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "गाणं मी लावत जाईन."

दर रविवारी सकाळी नऊला, आमच्या हॉलमध्ये, दार उघडं ठेवून. दार उघडं ठेवायचं हा माझा निर्णय. बंद दाराची चर्चा जास्त होते. उघड्या दारातून पहिल्या रविवारी तळमजल्यावरच्या मिश्रा भाभी दोनदा साखर मागायला आल्या. दुसऱ्या रविवारी स्वतःची खुर्ची घेऊन आल्या.

माझा हात त्यांच्या पाठीवर, त्यांचा माझ्या खांद्यावर. पहिल्याच पावलाला ते माझ्याआधी मागे गेले.

"लांजेवारजी, मी अजून हललेच नाही."

"मी अंदाज घेतला."

"अंदाज नका घेऊ."

पुन्हा उभे राहिलो. पुन्हा ते आधी गेले, या वेळी डावीकडे.

"आता?"

"तुम्ही डावीकडं जाल असं वाटलं. उजवीकडं सोफा आहे न."

"सोफा मला दिसतो. माझा आहे."

तीन रविवार हेच चाललं. पोतं सरकवणं सोपं असतं, कारण पोत्याला मत नसतं. लांजेवारजींचं सगळं अंग मतांनी भरलेलं होतं. खांद्याला पुढचं माहीत, गुडघ्याला पुढचं माहीत. मी नुसता श्वास घेतला तरी ते निघत. मी दुकानात हमालांवर ओरडत नाही, पण चौथ्या रविवारी मी ओरडले. म्हटलं, "तुम्हाला दोन मिनिटं कुणाच्या भरवशावर उभं राहता येत नाही का?"

मिश्रा भाभींनी चहाचा कप खाली ठेवला. ह्यांनी गाणं बंद केलं.

लांजेवारजी खुर्चीवर बसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग बोलले. कोराडीच्या कॉलनीत गणपतीचे कार्यक्रम होत. सोनल चौदा वर्षांची होती, मुलींच्या नाचात पहिल्या ओळीत. ते पाळी संपवून येत होते. मंडपाशी पोरं शिट्या वाजवत होती. पुढच्या वर्षी तिचं दहावीचं वर्ष होतं. ते तसेच स्टेजवर चढले आणि तिचा हात धरून तिला खाली आणलं. गाणं अर्धंच झालं होतं. बाकीच्या मुली एक जागा रिकामी ठेवून नाचत राहिल्या.

"काही बोलली नाही," ते म्हणाले. "रडली पण नाही. घरी येऊन पुस्तक काढलं. मले वाटलं, चला, समजली. मग बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, मी म्हटलं त्या कॉलेजात गेली, मी म्हटलं ती ब्रँच घेतली. सगळं नॉर्मल. मी रीडिंग घेऊन राहिलो होतो न, सगळं नॉर्मल होतं."

ह्यांनी पुन्हा गाणं लावलं. काही सुचलं नाही की हे काहीतरी चालू करतात. लांजेवारजी उठले. मी पाठीवर हात ठेवला आणि मुद्दाम काहीच केलं नाही. बराच वेळ. त्यांच्या खांद्याला दोनदा झटका आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो थांबवला. मग मी एक पाऊल टाकलं. ते गेले. थोडे उशिरा गेले, पण माझ्यामागून गेले.

"बराबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर."

त्या दिवशीच्या वहीत त्यांनी काय शेरा लिहिला मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

डिसेंबरात सोनल आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. बापासारखंच कपाळ, बापासारखंच सरळ उभं राहणं. बोलणं व्यवस्थित. बाबांच्या औषधांची पाकिटं तिने दोन दिवसांत लावून ठेवली, पडदे बदलले, गॅसची नळी बदलून घेतली. दोघं एकमेकांशी सभ्यपणे वागत होती, जसे दोन खात्यांचे साहेब वागतात. नेल्सन सव्वासहा फुटी, मवाळ माणूस. तिखट रश्शाचे तर्रीपोहे खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो दुसरी प्लेट मागायचा.

नातीचा पाचवा वाढदिवस गच्चीवर केला. दुपारी चारची वेळ, ऊन कोवळं. खुर्च्या मांडल्या, सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची, मी केली, केक बाहेरून आणला. केक झाल्यावर नेल्सनने मोबाइल स्पीकरला जोडला आणि त्यांच्याकडची गाणी लावली. मग त्याने हात पुढे केला आणि एकेका बाईला विचारायला सुरुवात केली. मिश्रा भाभी पदर खोचून आधीच उभ्या होत्या. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी गेले आणि सवयीप्रमाणे त्यालाच ढकलायला लागले. तो हसला आणि ढकलू दिलं.

सोनल ह्यांच्याबरोबर नाचली, पोरांबरोबर नाचली. लांजेवारजी पाण्याच्या टाकीजवळ खुर्चीवर बसले होते, हात गुडघ्यांवर. सोनल त्यांच्यासमोरून गेली आणि म्हणाली, "बाबा, पाणी पाहिजे?"

"नको वं."

मी त्यांच्याजवळ गेले. "विचारा तिला," म्हटलं.

"नाही. मागच्या वेळी मीच विचारलं. पुन्हा मीच विचारलं, तर ते पुन्हा तिले चालवणंच झालं."

"आणि तिने नाहीच विचारलं तर?"

"मंगळवारी तिची फ्लाइट आहे," ते म्हणाले. एवढंच.

मला वाट पाहत बसायची सवय नाही. दुकानात वाट पाहत बसलं तर पोती भिजतात. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "उठा."

ते उठले. सगळी इमारत बघत होती. मी त्यांना खुर्च्यांच्या मधल्या जागेत आणलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुणीतरी मागून म्हणालं, "अगा, पाहा, लांजेवारजी लेडीज झाले." दोघं-तिघं हसले. लांजेवारजींची मान लाल झाली, पण ते हलले नाहीत. मी निघाले, मग ते निघाले. मी थांबले, ते थांबले. मागे पाहिलं नाही त्यांनी. मी त्यांना उजवीकडून नेलं, केकच्या टेबलामागून आणलं, आणि दोनदा चुकून त्यांच्या बुटावर पाय दिला. त्यांनी काहीही सुचवलं नाही.

सोनल हातात प्लेटांची चळत घेऊन जिन्याच्या दाराशी उभी होती. आत जायला निघालेली तशीच. गाणं संपेपर्यंत ती तिथेच होती. मग तिने प्लेटा खाली, जमिनीवरच ठेवल्या आणि आमच्याकडे आली.

"काकू, मी घेऊ?" तिने मला विचारलं. आणि हात त्यांच्यापुढे केला.

मी बाजूला झाले.

पुढचं गाणं लागलं. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, अगदी माझ्यासारखा, आणि तिथेच उभी राहिली. ती हललीच नाही. मला वाटलं, सुरुवात सापडत नसेल. मग दिसलं की तिचं कपाळ त्यांच्या खांद्याला लागलं आहे आणि ती निघायच्या स्थितीत नाही. लांजेवारजींचे हात तिच्या खांद्यावर होते तिथेच होते. गाणं पुढे चाललं होतं. मिश्रा भाभी म्हणाल्या, "अरे, गाना चालू है भाई." ते ऐकून एरवी त्यांनी लगेच उजवं पाऊल टाकलं असतं. टाकलं नाही. तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं होतं. ते सगळं त्यांनी उभ्याने काढलं.

तिसरं गाणं लागलं. सोनल हलली. मग ते हलले.

ती त्यांना मागे मागे नेत होती, हळू, टाकीच्या दिशेने. तिचे डोळे मिटलेले होते, आणि ते वळून पाहत नव्हते. टाकीपुढे खुर्च्यांची एक रांग होती. मी जाऊन त्यांतल्या चार खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या.